इंटेल गेलं ते बाबूगिरीमुळे? उगाच काहीही!

एल्बेकाठचा:
परवा इथे एकाने लेख टाकला, "जर्मनांनी दारात आलेली लक्ष्मी घालवली". सारांश असा की जर्मनीतल्या मॅग्डेबर्गला इंटेलचा चिपचा कारखाना (फॅब) आला नाही कारण जर्मन बाबू झोपा काढत होते, शहराने पायघड्या घालायला हव्या होत्या, पोलंडकडून शिका वगैरे. तिथेच दोन ओळी खरडणार होतो पण वाचता वाचता डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो अजून किती पायघड्या घालायच्या? मार्च २०२२ मधे घोषणा झाली, १७ अब्ज युरो. मग कंपनी म्हणाली महागाई वाढली, वीज महागली, अजून द्या. ६.८ अब्जाची सबसिडी ९.९ अब्जावर गेली, जून २०२३ मधे बर्लिनला खुद्द तेव्हाचे चान्सेलर शोल्झ साहेबांसमोर सह्या झाल्या. आणि कायमच्या नोकऱ्या किती, तर साधारण ३,०००. भागाकार करा, नोकरीमागे ३३ लाख युरो. सप्टेंबर २०२४ मधे कळलं की दोन वर्षं थांबतोय, जुलै २०२५ मधे कळलं की येतच नाही. आणि पोलंडकडून शिका म्हणणाऱ्या विद्वानाला सांगा, व्रोत्स्वाफजवळचा इंटेलचा प्रकल्प त्याच दिवशी त्याच घोषणेत रद्द झाला. तिथले बाबू पण झोपले होते का? कंपनीचंच तोट्यात चाललेलं, एवढी साधी गोष्ट आहे.

मी शिकायला आलो तो इथेच राहिलो, आता सात वर्षं झाली. २०२३ मधे नवीन घर बघायला गेलो तर मालकीणबाई म्हणाल्या भाडं जास्त आहे कारण इंटेल येतंय. इंटेल गेलं, भाडं आहे तिथेच आहे. हे गाव ऑटो फॉन गेरिकेचं, ज्याने दोन अर्धगोलांतली हवा काढून, दोन्ही बाजूंना घोडे जुंपून दाखवलं की बाहेरच्या हवेच्या दाबात किती जोर असतो. इंटेलने तोच प्रयोग केला, फक्त घोडे आम्ही होतो.

फॅबवाला:
गेरिकेचा जोक भारी, बाकी द्राक्षं आंबट. मी ड्रेस्डेनला याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. एक, ते ९.९ अब्ज दिलेलेच नाहीत, ब्रुसेल्सची, म्हणजे युरोपियन कमिशनची, मंजुरीच आली नव्हती. त्यामुळे तुमचा तो ३३ लाखांचा भागाकार वहीतच ठेवा. दोन, सबसिडीशिवाय आज जगात कुणी फॅब उभारत नाही, अमेरिका देते, जपान देतो, तैवान-कोरिया तर कधीपासून. तैवानची चिप कंपनी टीएसएमसी इथे ड्रेस्डेनला आली ती ५ अब्जांवर आली, ऑगस्ट २०२४ मधे मंजुरी आणि भूमिपूजन एकाच दिवशी. हे बाबू कुठले होते? जर्मनच ना?

एल्बेकाठचा:
तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय हे लक्षात आलंय का? ड्रेस्डेनला आधीपासून इन्फिनिऑन, बॉश, ग्लोबलफाउंड्रीज यांचे चिपचे कारखाने आहेत, त्याच्याही आधी पूर्व जर्मनीच्या काळातलं संगणकवालं रोबोट्रॉन. टीएसएमसीच्या त्या कारखान्यात बॉश, इन्फिनिऑन आणि एनएक्सपी यांचा १०-१० टक्के वाटा आहे, म्हणजे गिऱ्हाईकच भागीदार. आमच्याकडे काय होतं? अवजड यंत्रं बनवणारं स्केट, ते ९० च्या दशकात दिवाळखोरीत गेलं. लोक पश्चिमेला गेले. रिकाम्या ताटात एकदम पुरणपोळी वाढायला निघालात तर असंच होणार.

फॅबवाला:
मग ताट रिकामंच ठेवायचं का कायम?? ड्रेस्डेनला पण कुणीतरी पहिला आलाच होता की, सीमेन्स आली, मग एएमडी आली, तेव्हा पण सरकारने पैसे ओतले आणि तेव्हा पण तुमच्यासारखे लोक बोंबलत होते. तीस वर्षांनी त्यावर माझं घर चालतंय.

लिमरिकची_सून:
दोघंही जरा दमाने घ्या. आमच्या आयर्लंडमधल्या लिमरिकचं सांगते. डेल ही संगणक कंपनी १९९१ पासून इथे होती, गाव तिच्यावरच जगायचं म्हणा ना. २००९ मधे उत्पादन पोलंडला, वूचला हलवलं, १,९०० नोकऱ्या गेल्या. वर पोलंडने डेलला दिलेल्या ५४.५ दशलक्ष युरोच्या मदतीला युरोपियन कमिशनने मान्यता पण दिली, म्हणजे आयरिश लोकांना जखमेवर मीठ. पण पुढचं कुणी सांगत नाही. ती रिकामी इमारत रीजेनरॉन या अमेरिकन औषध कंपनीने घेतली, आणि मी बायोटेकवाली इथे टिकले ती अशाच नोकऱ्यांमुळे. कंपनी जाते, इमारत आणि हात राहतात. (आयर्लंडचा कमी टॅक्स हा वेगळा विषय, त्यावर नको, मागच्या वेळी धागा बंद करावा लागला होता.)

एल्बेकाठचा:
ताई, इमारत राहते, पण इथे इमारतच झाली नाही ना!

लिमरिकची_सून:
बरं बाबा, तेही खरंच.

बांधावरचा:
इमारत झाली नाही हे नशीब समजा. तुम्ही सगळे अब्जांचे हिशोब करताय, ती जमीन कसली आहे हे एकाने तरी लिहिलंय का? मी कृषी पदवीधर, कामाला हॉलंडात, त्या भागात कामानिमित्त फिरलोय. मॅग्डेबर्गचा 'बोर्डे' नावाचा पट्टा म्हणजे जर्मनीतली सगळ्यात कसदार काळी जमीन. १९३४ मधे जमिनीला मार्क द्यायची पद्धत आली तेव्हा १०० मार्कांचं माप म्हणून आइकेनडॉर्फ गावातली जमीन धरली, ते याच पट्ट्यात, मॅग्डेबर्गच्या दक्षिणेला. शंभरपैकी शंभर! तिथे हजारेक एकरावर काँक्रीट ओतणार होते.

फॅबवाला:
वरची माती काढून दुसऱ्या शेतांवर पसरायची असं ठरलं होतं, ती काढण्यामुळेही वेळापत्रक लांबलं. इतकी काळजी जगात कोण घेतं? उगाच भावनिक होऊ नका.

बांधावरचा:
माती म्हणजे फरशी आहे का, इथली उचलून तिथे बसवायला? हजारो वर्षांत घडण झालेली असते तिची, खालचे थर, गांडुळं, मुळांच्या वाटा, ट्रकात भरलं की संपलं सगळं. मान्य, शून्यापेक्षा बरं. पण भावनिक म्हणू नका. २००६ मधे आमची पावणेचार एकर बागायत औद्योगिक वसाहतीत गेली, गावाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. आलेल्या पैशातून बहिणीचं लग्न झालं, एक बोलेरो आली आणि संपले. कंपनीने कुंपण घातलं नि वॉचमन ठेवला, तो वॉचमन म्हणजे माझा चुलता. स्वतःच्याच विहिरीशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बारा तास बसायचा. एकदा आत ज्वारी आपोआप उगवली तर सुपरवायझरने त्यालाच उपटायला लावली. कारखाना अजून झालेला नाही. आता सांगा तुमचे आकडे.

कोपऱ्यातला:
☝️ पॉपकॉर्न बाजूला ठेवले राव.

सह्याद्रीचा_वारा:
आणि आपला तळेगावचा सेमीकंडक्टर प्रकल्प २०२२ मधे गुजरातला पळवला त्याबद्दल कुणीच बोलणार नाही.

एल्बेकाठचा:
नाही बोलणार. त्यातून फॉक्सकॉन पुढच्याच वर्षी बाहेर पडली. धागा मॅग्डेबर्गचा आहे.

फॅबवाला:
बांधावरचे, तुमच्या काकांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण एक विचारतो, राग मानू नका. त्या बागायतीत होतं काय? ऊसच ना? पाटाने पाणी सोडून जमिनी खारवल्या कुणी, टीएसएमसीने?

बांधावरचा:
हेच यायचं होतं. शहरात बसून ऊसवाल्यांना शिव्या घातल्या की तुमचा दिवस सुरू होतो. आमची द्राक्षं होती, तुम्हाला आंबटच लागली असती. आणि बोर्डे पट्ट्यात काय पिकतं माहितीये का? साखरेचं बीट! तिथल्या साखर कारखान्यांभोवतीची गावं बघा, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लाइन बघा, मिरजेहून निघाल्यासारखं वाटतं.

एल्बेकाठचा:
धागा माझा असून मीच अवांतर करतोय, पण राहवत नाही. केडब्ल्यूएस ही बियाण्यांची जगातली बडी कंपनी, त्यातला के आणि डब्ल्यू म्हणजे क्लाइनवान्त्सलेबेन, इथून सायकलवर जाता येईल असं खेडं. १८५६ मधे तिथेच बिटाच्या बियाण्यातून उभी राहिली. १९४५ मधे हा भाग रशियनांकडे जाणार म्हटल्यावर ब्रिटिशांनी बियाणं आणि माणसं उचलून पश्चिमेला आइनबेकला नेली. म्हणजे या मातीतून खरोखर उगवलेली कंपनी गेली ती अशी, आणि आम्ही आणायला निघालो कॅलिफोर्नियाची.

फॅबवाला:
रोचक. तरी बिटावर ३,००० पगार निघत नाहीत.

कागदपत्रे_जोडली_आहेत:
माती, बीट, सबसिडी सगळं ठीक आहे हो, पण येणार कोण? मी दक्षिणेकडच्या एका शहरात आहे, नाव लिहीत नाही कारण फाइल अजून तिथल्या इमिग्रेशन ऑफिसच्याच टेबलावर आहे. राहण्याच्या परवान्याचं कार्ड संपायच्या चार महिने आधी ईमेल केला, उत्तर नाही. पहाटे पाचला रांगेत उभा राहिलो, उणे सहा तापमान, पुढे एक ब्राझीलचा न्यूरोसर्जन. मिळाला काय, तर एक तात्पुरता कागद. आजोबा गेले तेव्हा भारतात गेलो नाही, कारण एअरलाइनवाला तो कागद बघून चढू देईल का याची खात्री नव्हती. आणि मॅग्डेबर्गच्या राज्यात फेब्रुवारी २०२५ च्या संसदेच्या निवडणुकीत एएफडीला, म्हणजे स्थलांतरितांच्या विरोधातल्या पक्षाला, ३७ टक्के. परदेशी पैसा पाहिजे, परदेशी माणूस नको.

एल्बेकाठचा:
हे शेवटचं वाक्य माझ्या मूळ पोस्टमधे हवं होतं. मात्र सरसकट नको. डिसेंबर २०२४ मधे इथल्या ख्रिसमस मार्केटवर एका परदेशातून आलेल्या माणसाने केलेल्या हल्ल्यानंतर काही आठवडे मी ट्राममधे मराठीत फोन उचलत नव्हतो हे खरं, पण खालच्या मजल्यावरच्या आजीने त्याच आठवड्यात दारात स्टोलनचा केक ठेवला होता हेही खरं.

फॅबवाला:
म्हणजे शेवटी बाबूगिरी नडतेच. ज्या लेखावर तुम्ही उखडलात तोच मुद्दा. 😌

एल्बेकाठचा:
इंटेल बाबूंमुळे गेलं नाही, यावर मी ठाम. ड्रेस्डेनला सबसिडीचा उपयोग झाला हे मान्य, लिहून देतो, फ्रेम करून लावा.

बांधावरचा:
मला एकच सांगा, सध्या त्या रानात काय आहे?

एल्बेकाठचा:
रविवारी सायकल काढतो, फोटो टाकतो.

बांधावरचा:
जवळून काढा. ढेकूळ फोडून.

नवीन_सभासद:
पूर्ण धागा वाचला नाही. ऑक्टोबरमधे मास्टर्सला मॅग्डेबर्गला येतोय, दोघांत एक खोली किती भाड्याला मिळेल?

एल्बेकाठचा:
व्यनि (खाजगी निरोप) केलाय.