शब्दचर्चा : ‘खाल्लेलं खाली उतरत नाही’ याला शब्द कोणता?

विचारणा

नमस्कार मंडळी. एका अमेरिकी वैद्यकीय लेखाचा मराठी गोषवारा करते आहे. गॅस्ट्रोपरेसिस म्हणजे जठर अन्न वेळेवर पुढे ढकलत नाही तो आजार. त्याच्या ज्या रुग्णांना पोटात विजेचं यंत्र बसवलं जातं, त्यांच्यात अमेरिकेच्या वेगवेगळ्या भागांत काय फरक दिसतो, हा विषय. शीर्षकातच अडले. ‘जठरघात असलेल्या, विद्युत चेतना घेणाऱ्या रुग्णांमधील प्रादेशिक फरक’ असं लिहिलं, मोठ्याने वाचलं, आणि माझं मलाच कळेना. वाचणार आहेत ते मधुमेहाचे रुग्ण आणि त्यांच्या घरचे. मदत करा.

उत्तर

ताई, आधी आजाराचं नाव बघू. ‘घात’ म्हटलं की पक्षाघात आठवतो, अवयव पार गेल्यासारखा. ग्रीक ‘पॅरेसिस’चा मूळ अर्थ सैल पडणं. जठराचे स्नायू अन्न घुसळून पुढे ढकलतात, ते काम मंदावतं. वाटेत अडथळा काही नसतो, तरी अन्न पडून राहतं. तपासणीसाठी किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं अंडं आणि पाव खायला देतात. चार तासांनंतरही त्यातलं १० टक्क्यांहून जास्त जठरातच असेल, तर जठर उशिरा रिकामं होतंय असं धरतात. म्हणून ‘जठरशैथिल्य’ मला मुळाला धरून वाटतो.

‘मंदाग्नी’ मात्र कृपा करून नको. तो भूक आणि पचनाचा अग्नी मंदावल्याचा शब्द. इथे भूक लागलेली असली तरी दोन घासांत पोट गच्च होतं. मी मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. ‘अग्नी मंद झालाय’ म्हणून घरचे आलं-लिंबू, ओवा देत राहतात, महिने जातात, आणि इकडे साखर वरखाली होत असते, कारण इन्सुलिन वेळेवर घेतलं तरी अन्न वेळेवर उतरत नाही. रुग्ण स्वतः फार नेमकं बोलतात: ‘खाल्लेलं खाली उतरत नाही’, ‘सकाळची भाकरी संध्याकाळी तशीच उलटून पडते’. गोषवाऱ्याच्या पहिल्या ओळीत हेच लिहा, शास्त्रीय नाव मागून येऊ द्या.

नागपूरहून

आमच्याकडे हिंदीमुळे ‘आमाशय’ जास्त कानावर पडतो. तो चालेल का? आणि यंत्राला सरळ ‘पोटाचा पेसमेकर’ म्हणावं, लोकांना लगेच समजतं.

उत्तर

आमाशय चुकीचा नाही, पण मराठी शाळेत शिकलेल्याला जठर जवळचं. पेसमेकरबद्दल मात्र माझा ठाम विरोध आहे, दादा. हृदयाचा पेसमेकर ठोक्यांची लय लावून देतो. जठराची नैसर्गिक लय मिनिटाला ३ लाटांची. हे यंत्र साधारण दर ५ सेकंदांनी अगदी थोडा वेळ सूक्ष्म स्पंद सोडतं, म्हणजे मिनिटाला सुमारे १२ वेळा. जठराची लय ते हाती घेतच नाही. अमेरिकेत २००० साली त्याला परवानगी मिळाली ती औषधांना न जुमानणाऱ्या मळमळ-उलट्यांसाठी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत १७२ रुग्ण होते. यंत्र चालू असताना उलट्या कमी झाल्या, जठर रिकामं होण्याचा वेग वाढला नाही. ‘पेसमेकर’ ऐकलेला माणूस शस्त्रक्रियेनंतर पोटभर जेवायची वाट पाहत बसेल. त्याची फसगत आपल्या शब्दाने होता कामा नये.

‘चेतना’ही नको, तो शुद्धीशी जोडलेला शब्द. ‘उत्तेजना’ला भलताच रंग आहे. ‘शॉक’ ऐकून तर माणूस उठून जाईल. लिहिताना ‘विद्युत उद्दीपन’, बोलताना ‘विजेचे हलके स्पंद’.

आता ‘घेणाऱ्या’. माझ्या मते सगळी चर्चा इथेच आहे. उपचार ‘घेणारा’ म्हटलं की वाटतं, ज्याला हवा होता त्याने घेतला. पण या यंत्राला अमेरिकेत मिळालेली ती परवानगी मोजक्या रुग्णांसाठीच्या उपकरणांना मिळणाऱ्या सवलतीतली आहे. रुग्णालयाच्या आचारनीती समितीची मान्यता लागते, त्यामुळे हे काम ठरावीक केंद्रांतच होतं. मिसिसिपीतलं जॅक्सन, केंटकीतलं लुइव्हिल ही त्यातली ठळक नावं. अमेरिकेच्या दक्षिणेत मधुमेहाचं प्रमाणही जास्त. २०११ साली तिथल्या सरकारी संशोधकांनी १५ राज्यांतल्या ६४४ काउंट्यांना (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना) मिळून ‘मधुमेह पट्टा’ असं नाव दिलं. मग एखाद्या भागात यंत्र बसवलेल्यांमध्ये मधुमेही जास्त दिसले, तर त्याचं कारण तिथला आजार, की तिथलं केंद्र, की तिथवर पोचण्याची ऐपत आणि विमा? ‘घेणाऱ्या’ने हा प्रश्नच पुसला जातो. ‘यंत्र बसवलेले रुग्ण’ म्हणा. न बसवलेलेही आहेत, हे त्यातून आपोआप कळतं.

विचारणा करणारी

मनापासून आभार. ‘प्रादेशिक’सुद्धा काढते, त्याने प्रादेशिक भाषा, प्रादेशिक पक्ष आठवतात. आणि अमेरिकेतल्या एका भागाचं ‘मिडवेस्ट’ हे नाव तसंच ठेवते, ‘मध्यपश्चिम’ने नकाशावर भलतीकडेच बोट जातं. आता असं झालंय: ‘खाल्लेलं खाली उतरत नाही : जठरशैथिल्यासाठी विद्युत उद्दीपनाचं यंत्र बसवलेल्या रुग्णांमध्ये अमेरिकेत भागाभागांत दिसणारा फरक’. लांब आहे. अजून एक: या आजाराच्या ज्या प्रकाराचं कारण सापडत नाही त्याला, ‘इडिओपॅथिक’ला, काय म्हणू? ‘अज्ञातहेतुक’ लिहिलं तर वाटतं, कोणाचा तरी हेतू लपलाय.

उत्तर

‘कारण न सापडलेला’. तीन शब्द लागले तरी चालतील, ताई.