लेनर्ड वूड: लष्करी डॉक्टर ते क्यूबाचा गव्हर्नर

प्रश्न: अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय शाखेतला लेनर्ड वूड थेट क्यूबाचा लष्करी गव्हर्नर कसा झाला? आणि पीतज्वर हटवण्याचं श्रेय त्याला कितपत द्यावं?

प्रतिसाद १: हार्वर्डमधून १८८४ ला डॉक्टर, पुढे अपाची या मूळ अमेरिकी जमातीचा नेता जेरोनिमो याच्याविरुद्धची १८८६ ची मोहीम. खरी उडी १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धातली. स्वयंसेवक घोडदळाच्या 'रफ रायडर्स' पलटणीचा तो कर्नल आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट त्याच्या हाताखाली! तिथून क्यूबातल्या सँटियागो शहराचा कारभार, डिसेंबर १८९९ पासून २० मे १९०२ पर्यंत सगळा क्यूबा.

प्रतिसाद २: पीतज्वराचं श्रेय वाटून द्या. डास रोग पसरवतात हे क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनलाय यांनी १८८१ मध्येच मांडलं होतं, ते विसरू नका. हे पडताळणारे अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या प्रयोगांना वूडने १०,००० डॉलर मंजूर केले. आधी नुसती रस्ते-गटारांची सफाई झाली होती, तरी १९०० मध्ये साथ उसळलीच, कारण हा डास घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मग १९०१ मध्ये हवानाचे आरोग्य अधिकारी, लष्करी डॉक्टर गॉर्गस यांनी पिंप झाकले, साठलेल्या पाण्यावर रॉकेलचा तवंग सोडला, रुग्णांच्या खोल्यांना जाळ्या लावून धुरी दिली. काही महिन्यांत हवाना रोगमुक्त झालं.

प्रतिसाद ३: दुसरी बाजूही मांडायलाच हवी. १९०३ पासून वूड फिलिपिन्सच्या मोरो प्रांताचा गव्हर्नर; मोरो म्हणजे तिथले मुस्लिम रहिवासी. मार्च १९०६ मध्ये होलो बेटावर बुद दाहो या ज्वालामुखीच्या विवरात आसरा घेतलेले शेकडो मोरो त्याच्या हाताखालच्या फौजेकडून मारले गेले, त्यात बायका-मुलंही. त्याला कुशल प्रशासक म्हणताना हे वगळणं मला मान्य नाही.