गायनेकोमास्टियाच्या (पुरुषांतील स्तनवाढीच्या) शस्त्रक्रियेबाबत मदत हवी आहे

फोंड्यात राहणाऱ्या माझ्या २४ वर्षांच्या धाकट्या भावाच्या छातीची वाढ वयात आल्यापासून तशीच राहिली आहे. एरवी ती बहुधा दोनेक वर्षांत आपोआप ओसरते. हार्मोन, थायरॉईड व यकृताच्या तपासण्या निर्दोष आहेत, परंतु सोनोग्राफीत चरबीबरोबर घट्ट ग्रंथीही दिसल्यामुळे केवळ लायपोसक्शन (नळीने चरबी शोषून काढणे) पुरणार नाही, स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला छेद देऊन ती काढावी लागेल, असे डॉक्टरांचे मत आहे. त्यानंतर काही आठवडे छातीवर दाब देणारे घट्ट प्रेशर जॅकेट घालावे लागते (मे महिन्याच्या उकाड्यात ते मला तरी अशक्य वाटते, म्हणून पावसाळ्यानंतरचा विचार आहे). बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ही शस्त्रक्रिया कोणी करून घेतली आहे काय? स्तनाग्राची संवेदना कितपत परतली, आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून खर्च मिळाला का, हे कृपया कळवावे.