बोडोनी म्हणजे नुसता नट्टापट्टा?

रेघोटी: परवा कुणीसं ठणकावलंय, "बोडोनी, दिदो वगैरे जाड-बारीक रेघांचे फाँट म्हणजे नुसता नट्टापट्टा. फॅशन मासिकाच्या नावापुरते ठीक, वाचायला घेतलं की डोळे दुखतात." अहो, डोळे दुखतात ते चुकीच्या मापामुळे. इटलीतल्या पार्म्यात बोडोनी आणि पॅरिसात फिर्मां दिदो हे अक्षर कोरणारे काम करत होते तेव्हा प्रत्येक मापाचं अक्षर वेगळं कोरलं जायचं. लहान मापात केसासारखी रेघ जरा जाड, अक्षरं जरा रुंद. आपण मात्र शीर्षकासाठी काढलेलं अक्षर दाबून ९ पॉइंटच्या बारीक मापावर आणतो आणि वर बोंब मारतो. हार्पर्स बझार या फॅशन मासिकासाठी १९९०च्या सुमारास दिदो नव्याने काढला, तेव्हा ६ पासून ९६ पॉइंटपर्यंत सात वेगळे संच केले. ते काय हौस म्हणून?

साधासरळ: माप बरोबर असलं तरी त्या उभ्या जाड रेघांचं काय? रोमनमध्ये 'मिनिमम' लिहून बघा. शब्द कुठला, कुंपण दिसतं. आता माझी कथा ऐका. एका कॅटलॉगला हौसेने हाच लावला, काळ्यावर पांढरा, ८ पॉइंट. स्क्रीनवर देखणा. छापून आला तर ई-मेलच्या पत्त्यातल्या प्रत्येक 'ई'ची आडवी रेघ शाईने गिळलेली, सगळे 'ई' 'सी' झालेले. महिनाभर एक मेल नाही, आणि आम्ही समजत होतो धंदा मंदावलाय.

शाईवाला: ८ पॉइंट, रिव्हर्स, आणि नक्कीच चार रंगांच्या शाया एकावर एक छापून केलेला काळा! एका रंगाची छपाईची प्लेट केसभर सरकली की पांढरी रेघ भरणारच. यात बोडोनीचा काय दोष? नुसता काळा ठेवा म्हटलं की तुम्ही लोक म्हणणार, "फिका दिसतो." रोज अशा फायली उघडून कपाळाला हात लावतो आम्ही.

साधासरळ: म्हणजे चूक कायम आमचीच. छापणाऱ्याला डोळे नव्हते?

शाईवाला: प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, सही कुणाची होती ते सांगा आधी.

साधासरळ: माझी. पण ते प्रूफ इंकजेटवरचं होतं. त्यात प्लेटा कुठल्या सरकतायत?

शाईवाला: हे मात्र खरं. आज पहिल्यांदा काहीतरी बरोबर बोललात.

चाळिशीवाली: प्लेटपुराण आटोपलं असेल तर माझंही ऐका. मोबाइलवर अख्खे लेख प्लेफेअर डिस्प्ले नावाच्या फाँटमध्ये लावतात, तेही फिक्या राखाडी रंगात! नावातच 'डिस्प्ले' आहे, म्हणजे मोठ्या शीर्षकासाठीचा, तरी कळत नाही? वाचणाऱ्याने वाचू नये असाच बेत दिसतो.

रेघोटी: प्लेफेअर बोडोनीच्याही आधीच्या बास्करव्हिल या अक्षरकाराच्या काळाकडे बघून काढलाय. त्याला इथे कशाला ओढता?

चाळिशीवाली: कुठल्याही काळाचा असो, दिसत नाही तर नाही.

शाईवाला: राखाडी मजकुराबद्दल बाईंना माझा पाठिंबा. आमच्याकडे तर तो ठिपक्यांचा होऊन येतो. बारीक रेघ आणि वर ठिपके, म्हणजे चाळणीच.

साधासरळ: बरं, रेघोटी, अर्धं मान्य. चार शब्दांचं मोठं शीर्षक, भोवती भरपूर मोकळी जागा, तिथे याला तोड नाही. छोट्या 'ए'च्या टोकाचा तो थेंब मलाही आवडतो. पण ४० पॉइंटच्या खाली हात लावणार नाही.

रेघोटी: ११ पॉइंटचा खास संच असला तरी?

साधासरळ: लावतो. ई-मेलचा पत्ता गिऱ्हाइकांना फोनवर तुम्ही सांगणार असाल तर.