साक्री–धुळे पट्ट्यातली सरळ धार चुनखडीची आहे का?

रानवाट: शेतांमधून पूर्व-पश्चिम गेलेली अरुंद, उंच धार आहे. दगडावर पांढरा थर असून आम्ल टाकलं की फसफसतो. चुनखडीची रांग समजायची का? पायथ्याशी विहीर काढायची आहे, आणि चुनखडीत पाणी पोकळ्यांतून निघून जातं म्हणतात.

काळापाषाण: नाही, ती डाइक आहे. बेसॉल्टच्या थरांना पडलेल्या उभ्या भेगेत शिलारस घुसून थिजला. बाजूचा मऊ, सच्छिद्र दगड झिजून गेला, हा टणक म्हणून उभा राहिला. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून जास्त डाइक नकाशावर आल्या आहेत. साक्री–धुळे–पारोळा ही एकटीच 79 किमी लांब आहे.

फसफस झाली ती वरच्या थराची. कोरड्या हवेत जमिनीतलं चुनायुक्त पाणी वर येऊन सुकतं आणि कुठल्याही दगडावर चुन्याचा लेप चढतो. हातोड्याने दगड फोडा, आतल्या ताज्या काळ्या भागावर थेंब टाका. आम्ल साधारण 10 टक्क्यांचं हवं. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. ताज्या पृष्ठावर बुडबुडे आले नाहीत तर चुनखडी नाही. पांढरी शीर वा पोकळीतला स्फटिक फसफसला तर ते कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, त्यावरून अख्खा डोंगर चुनखडीचा ठरत नाही. झिओलाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांतलं दुसरं एक स्फटिकी खनिज) आणि गारगोटी फसफसत नाहीत.

पाझर: आम्ल नसलं तरी चालतं. चुनखडीवर चाकूने सहज ओरखडा उठतो, ताज्या बेसॉल्टवर उठत नाही. धार जिथे कापली गेली आहे तिथे बघा: डाइकमधले, शिलारस थिजताना तडकून झालेले दगडी खांब आडवे पडलेले असतात, सरपण रचल्यासारखे. कडेचा दगड बारीक कणांचा, मधला जाड. चुनखडीत थर दिसतात, पावसाने कोरलेल्या खाचा असतात, ओढे मधेच गडप होतात. तशी रांग बघायची तर चंद्रपूर-यवतमाळकडे जा. आपल्याकडे तापीच्या गाळात चुनखडीचे खडे सापडतात, तेवढंच.

आता विहीर. एकसंध डाइक भूजलाला बांधासारखी अडवते. तापीच्या दक्षिणेला उतार बहुधा उत्तरेकडे, म्हणून दक्षिण बाजू आधी तपासा. एप्रिल-मेमध्ये दोन्ही बाजूंच्या जुन्या विहिरींची पातळी मोजा. तफावत मोठी असेल तर चढाकडची जागा घ्या.

रानवाट: पातळी दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली तर?

पाझर: मग डाइक भेगाळलेली, अडवत नाही. अशा वेळी पाणी धारेला लागूनच, भेगांतून वाहतं. नाला धार कापतो ती जागा बघा. पण डाइकच्या पोटात खोदू नका. तिथला दगड सुरुंगाशिवाय हलत नाही आणि खर्च हाताबाहेर जातो.