डॉक्युमेंटरीवरून ग्रुपमध्ये रोज राडा, चर्चा बंद करू का?

नाइलाजाने_अॅडमिन: आमच्या फिल्म ग्रुपचा अॅडमिन मीच. परवा कुणीतरी एका वादग्रस्त डॉक्युमेंटरीची लिंक टाकली, तेव्हापासून चारशेच्या वर मेसेज झालेत आणि निम्म्या लोकांनी ती बघितलेलीच नाहीये, नुसत्या ट्रेलरवर एकमेकांना 'विकले गेलेले' म्हणतायत. एक पार्टी म्हणते सीन स्टेज केलेत म्हणजे सगळंच खोटं, दुसरीला साधी शंका विचारली तरी राग येतो. चर्चा बंद केली तर मी 'त्यांचा माणूस' ठरणार. काय करू?

रीळतुटकी: बंद नको करूस, हेच भांडण दुसरीकडे जाऊन तुझ्या नावाने करतील. एकच नियम लाव, आक्षेप घ्यायचाय तर मिनिट-सेकंद लिहायचं. '३४व्या मिनिटाला उत्तर अर्ध्यात कापलंय' यावर बोलता येतं, 'प्रोपगंडा आहे' यावर काय बोलणार डोंबल.

टेबलावरचा_एडिटर: स्टेज म्हणजे खोटं हे इतकं सरळ नाही हो. 'द थिन ब्लू लाइन' (१९८८) या डॉक्युमेंटरीत पोलिसाच्या खुनाचा प्रसंग नट घेऊन परत परत उभा केलाय, साक्षीदार बदलला की सीनही बदलतो. ते कुणाला खरं फुटेज वाटत नाही, उलट साक्षी जुळत नाहीत हेच त्यातून कळतं, आणि त्या खुनासाठी चुकीने शिक्षा झालेला रँडल अॅडम्स १९८९ मध्ये तुरुंगातून सुटला. याउलट डिस्नीची 'व्हाइट वाइल्डरनेस' (१९५८), त्यातले कड्यावरून पडणारे लेमिंग्ज (उंदरासारखे छोटे प्राणी) बाहेरून आणून मुद्दाम ढकललेले, आणि वर ऑस्कर! आजही लोक 'लेमिंग्जची सामूहिक आत्महत्या' छातीठोकपणे सांगतात. म्हणजे मुद्दा नाट्य केलं का हा नाही, लपवलं का हा आहे. आमच्या धंद्यात खरी लबाडी तर त्याहून साधी असते, एका प्रश्नाचं उत्तर उचलून दुसऱ्याच प्रश्नाखाली लावायचं. बघणाऱ्याला ते पकडता येत नाही, त्यामुळे मिनिट-सेकंदाच्या नियमातूनही हे निसटणार.

रीळतुटकी: ते खरंय. मग पूर्ण मुलाखत कुठे उपलब्ध आहे का तेही विचारायचं. आणि शिवी दिली की मेसेज उडव, कुठल्याही बाजूचा असो.

नाइलाजाने_अॅडमिन: काल रात्री नियम लावला. आज फक्त ११ मेसेज. सगळ्यात जास्त ओरडणारा गडी मिनिट-सेकंद शोधायला म्हणून शेवटी फिल्म बघायला बसला, आता तो दोन्ही पार्ट्यांवर चिडलाय.