मदत हवी आहे: सोशल ३ आणि सोशल १२ एकाच टेबलावर, रविवारच्या आत सांगा

षटकोन
ट्रॅव्हलर चालवतोय, म्हणजे फाशांवर खेळायचा अवकाशातला भूमिकांचा खेळ, चार खेळाडू. एकाच्या पात्राचा सोशल, म्हणजे समाजातला दर्जा, १२, म्हणजे बॅरन, सरदारच. दुसऱ्याचा ३. बॅरन कुठंही गेला की "मी बॅरन आहे" म्हणतो, फासे टाकतो आणि दार उघडतं. जकात नाका, बंदराचं ऑफिस, सावकार, सगळीकडं तेच. ३ वाला दोन रविवार झाले गप्प आहे. परवा त्यानं आपले दोन्ही फासे उचलून कंपासपेटीत ठेवले आणि नुसता ऐकत बसला. मला फार लागलं ते. सोशल काढूनच टाकू का? काढला तर बाकी काय मोडेल? लवकर सांगा, रविवारी चारला राजारामपुरीत सगळे येणार आहेत.

पन्हाळी वारा
आवृत्ती कुठली? १९७७ ची मूळ की मंगूज कंपनीची?

षटकोन
त्यानं काय फरक पडतो? सोशल सगळ्यांतच आहे.

पन्हाळी वारा
फरक पडतो म्हणूनच विचारलं. मूळ नियमात पात्राचे सहाही गुण ओळीनं टाकायचे, जे पडेल ते घ्यायचं. दोन फाशांवर १२ पडायची शक्यता छत्तीसात एक. त्यात सोशलचा सरसकट अधिक-उणे नव्हता, जिथं लिहिलंय तिथंच तो लागायचा. मंगूजमध्ये रोलला १२ वाल्याला +२ आणि ३ वाल्याला -१. ८ किंवा जास्त लागणाऱ्या साध्या रोलला बॅरन छत्तीसात २६ वेळा जिंकतो, तुमचा ३ वाला १० वेळा. आणि मंगूजच्या दुसऱ्या आवृत्तीत सहा आकडे टाकून कुठला कुठं ठेवायचा ते खेळाडूच ठरवतो. तेव्हा सांगा, तो ३ सोशलला कुणी टाकला?

अवकाशवेडी
काढून टाका सरळ. मी गर्प्स नावाचा असाच दुसरा खेळ चालवते. तिथं दर्जा गुण मोजून विकत घ्यावा लागतो, एका पायरीला ५ गुण. ज्याला सरदार व्हायचंय त्यानं दुसरीकडं कात्री लावावी. जन्म फाशावर सोडायचाच कशाला?

पन्हाळी वारा
ताई, त्यांनी ट्रॅव्हलरबद्दल विचारलंय. अख्खा खेळ बदला हा सल्ला झाला का?

अवकाशवेडी
खेळ बदला म्हटलं नाही. दर्जाची किंमत मोजायला लावा म्हटलं. नीट वाचा.

तांबडापांढरा
आठ बाजूंचे फासे कोल्हापुरात कुठं मिळतील? महाद्वार रोड पालथा घातला, सगळीकडं लुडोचेच आहेत.

षटकोन
भावा, ट्रॅव्हलरला साधे सहा बाजूंचेच लागतात. इथं मी अडकलोय, वेगळा धागा काढ की.
वारा, मंगूज दुसरी आवृत्ती. आणि हो, ३ त्यानं स्वतःच सोशलला टाकला. "हे काय उपयोगाचं नाही, टाक तिकडं" म्हणाला होता. मी पण हो म्हटलं.

पन्हाळी वारा
हे आधी सांगायचं की! म्हणजे नशिबानं त्याला मारलेलं नाही. जो आकडा कामाचा नाही असं तुम्ही दोघांनी मानलं, तोच तुम्ही दर प्रसंगी कामाला लावताय. मंगूजमध्ये रोलला कुठला गुण जोडायचा हे रेफरी, म्हणजे खेळ चालवणारा, ठरवतो. जकातवाल्यासमोर सोशल धरा, पण गोदीतल्या हमालाकडून बातमी काढायची तर बुद्धी धरा. शिवाय बंदरामागच्या गल्लीत रेशमी झगा घालून आलेल्या बॅरनला कोण खरं सांगेल? तिथं तुम्ही त्याच्या रोलला -२ लावा.

गंगावेस
जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांचा क्रम बघितलाय का कुणी? मान गावाचा असतो, खांदा कुणाचाही असो. त्या डोंगरावर त्या मानाला तोड नाही. पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुण्यात बसच्या रांगेत उभा राहिला, तर त्याला कोण विचारतं? बॅरनचं तसंच करा. ट्रॅव्हलरमध्ये जहाजाहून वेगानं बातमी जात नाही आणि एक जंप, म्हणजे जहाजाची ताऱ्यावरून ताऱ्यावर उडी, साधारण आठवड्याची. चार जंप लांब गेला की याच्या बॅरनकीचा पुरावा म्हणजे हातातला कागद. शहानिशा करायला महिना जायला, उत्तर यायला महिना.

पन्हाळी वारा
जबरदस्त. आणि खेळातल्या साम्राज्याच्या हद्दीबाहेर तर त्या १२ ला अर्थच नाही. झोदानी या दुसऱ्या सत्तेत सरदार व्हायला मनोशक्ती लागते. आस्लान या परग्रही जमातीत पुरुषाची प्रतिष्ठा जमिनीवर. ज्याच्या नावावर एकर नाही असा बॅरन त्यांना कळणारच नाही.

षटकोन
हे भारी आहे. पण यानं बॅरन खाली येईल, ३ वाला वर कसा येईल? त्यानं फासे कधी उचलले ते सांगतो. जकात अधिकारी सगळ्यांशी बोलला, याच्याकडं बघितलंही नाही. मीच तसं केलं, म्हटलं खरं वाटेल. खेळ झाल्यावर जिन्यात तो म्हणाला, "हे तर मी रोज बघतो. रविवारी पण तेच बघायला कशाला येऊ?"

अवकाशवेडी
हे पहिल्या पोस्टमध्ये असायला हवं होतं. मग माझं म्हणणं आणखीच पक्कं. काढा.

जुनी पेठ
काढू नका. मी वयानं तुमच्याहून बराच मोठा असेन, म्हणून जरा लांबण लावतो. १९७७ च्या पुस्तकात नौदलात अधिकारी व्हायच्या रोलला सोशल ९ किंवा जास्त असेल तर +१ मिळायचा. आताच्या नियमात तर अधिकारपदाचा रोलच सोशलवर, ८ किंवा जास्त लागतो. म्हणजे तोच २६ विरुद्ध १० चा हिशोब, आणि तोही माणूस जहाजावर चढण्याआधी. हे आपल्या ओळखीचं आहे. याच गावात शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, त्या हाच हिशोब दिसत होता म्हणून. आकडा पुसला की तो पक्षपात पण दिसेनासा होतो. दिसू द्या, पण टेबलावरच्या लोकांच्या हातात तो बदलायचं काहीतरी द्या. आणि तुमच्या मित्राचा जिन्यातला प्रश्न खेळाचा नाही. त्याला फोन करा.

अवकाशवेडी
काका, पटलं. पण हे सगळं शिकायची जबाबदारी त्या ३ वाल्याच्या डोक्यावर नको. तो रविवारी खेळायला येतो.

जुनी पेठ
बरोबर. म्हणून फोन आधी, नियम नंतर.

गंगावेस
षटकोन, ३ वाल्याची कारकीर्द काय होती? कॉन्टॅक्ट, म्हणजे कामी येणाऱ्या ओळखी, किती?

षटकोन
रोग (Rogue), म्हणजे गुन्हेगारीतला, तीन टर्म. कॉन्टॅक्ट तीन आणि एक अलाय, म्हणजे पाठीशी उभा राहणारा दोस्त. कागदावर नुसता आकडा लिहून ठेवलाय, एकदाही वापरले नाहीत.

गंगावेस
अरे मग! चार माणसं आहेत त्याच्याकडं. बॅरनकडं किती?

षटकोन
एक रायव्हल, म्हणजे प्रतिस्पर्धी. बाकी शून्य.

तांबडापांढरा
मोबाईलवर येतो का हा खेळ?

षटकोन
नाही.
फोन केला. अर्धा तास बोललो. आधी माफी मागितली, अधिकारी तसा खेळवायला नको होता. सोशल काढू का विचारलं तर म्हणाला, "राहू दे, पण दर वेळी माझ्या तोंडावर मारू नको." मग त्याला त्या चार माणसांबद्दल सांगितलं. रविवारी जहाज साम्राज्याबाहेरच्या बंदरात अडकवतोय. बॅरनचा कागद तिथला कारकून उलटा धरून वाचेल. इंधन मिळवायचं तर गोदीत ३ वाल्याचा अलाय शोधावा लागेल. बॅरनच्या खेळाडूलाही कल्पना दिली, तो खूश आहे, म्हणाला मला पण दर वेळी तेच करून कंटाळा आला होता.

पन्हाळी वारा
बॅरनला महिन्याचा राहणीखर्च लावताय ना? सोशलप्रमाणे वाढतो तो. न भरला तर दर्जा घसरतो असं ठरवा.

षटकोन
लावतो या वेळेपासून.

गंगावेस
अलायचं नाव काय ठेवलं?

षटकोन
ते त्यालाच ठरवायला सांगितलंय. आत्ताच मेसेज आला, तीन नावं पाठवलीत आणि विचारतोय, गोदीवाला एका हाताचा चालेल का.